बाकीची तेव्हा काय करतात?

मुलांना घरी शिकवायचं ठरवलेले बहुतेक आईबाप अभ्यासक्रम निवडताना पुस्तकाकडे बघतात. चित्रं बरी आहेत का, भाषा सोपी आहे का, सरावाची गणितं पुरेशी आहेत का. मूल एकच असेल तर एवढं बघितलं तरी चालतं. पण घरात तीन मुलं असतील आणि त्यांच्यात चार-चार वर्षांचं अंतर असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याच पाठ्यपुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेलं नसतं. या पुस्तकातला धडा एकाला शिकवत असताना बाकीची दोघं काय करत असतील?

माझी थोरली तेरा वर्षांची, मधला नऊचा आणि धाकटी पाच पूर्ण. प्रत्येकाचे सहा विषय धरले तर रोजचे अठरा धडे होतात. एकेक धडा वीस मिनिटांत आटोपला तरी सहा तास सलग शिकवणं आलं. या सहा तासांत कुणाची पेन्सिल हरवायची नाही, कुणाला शी लागायची नाही, कुणी कुणाला चिमटा काढायचा नाही आणि शिकवणाऱ्या बाईने घोटभर पाणीही प्यायचं नाही. शाळेतल्या बाईंसमोर चाळीस मुलं असतात हे खरं. पण ती चाळीसच्या चाळीस एकाच धड्यावर असतात.

म्हणून अभ्यासक्रमाचा कुठलाही संच हातात आला की मी आधी मोठ्यांसाठीची मार्गदर्शिका उघडते, मुलांचं पुस्तक नंतर. तिच्यात मोठ्या माणसाला काय काय करायला सांगितलंय ते बघते. कार्डं कापा, नाट्यीकरण करा, मुलाशी संवाद साधा, त्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवा. यातलं एकही वाईट नाही. एकुलत्या एक मुलाच्या घरी असा संच सोन्यासारखा ठरेल. आमच्याकडे असे तीन संच एकदम आणले तर पंधरा दिवसांत मी घर सोडून जाईन. तेव्हा नियम असा, की मोठ्या माणसाला सतत शेजारी बसवणारा संच एका वेळी एकाच मुलासाठी. बाकीच्या दोघांची पुस्तकं कमी देखणी असली तरी चालतील. त्यांनी मुलाशी थेट बोलायला हवं आणि सोडवलेली उदाहरणं इतकी स्वच्छ हवीत की मी नसले तरी ते पुढे जाऊ शकेल. यंदा तो मान धाकटीचा आहे, कारण ती वाचायला शिकते आहे आणि ते काम कुणाच्या तरी मांडीला मांडी लावूनच होतं.

मग विषयांची वाटणी. आमच्या घरात काही विषय जिन्याचे आहेत आणि काही अंगणाचे. जिन्यावर पायरी गाळता येत नाही. बेरजेत हातचा कळल्याशिवाय दशक मोडून वजाबाकी कळत नाही, काना-मात्रा-वेलांट्या पक्क्या झाल्याशिवाय जोडाक्षरं वाचता येत नाहीत. गणित, सुरुवातीचं वाचन, शुद्धलेखन, नवी भाषा हे सगळे जिन्याचे विषय, आणि तिथे तीन मुलं तीन पायऱ्यांवरच असणार. इतिहास, भूगोल, निसर्ग, चित्रकला, संगीत, मोठ्याने वाचलेल्या गोष्टी हे अंगणाचे. तिथे पाच वर्षांची आणि तेरा वर्षांची एकाच वेळी शिरू शकते आणि दोघींना आपापलं काहीतरी मिळतं. अनेक मुलांचे आईबाप दमतात ते बऱ्याचदा अंगणाचे विषयही जिन्यासारखे विकत घेतात म्हणून. पहिलीचा इतिहास वेगळा, चौथीचा वेगळा, आठवीचा वेगळा. शाळेला इयत्ता लावायच्या असतात म्हणून ही विभागणी आली. नदीला आणि सम्राट अशोकाला इयत्ता नसते.

आधी जिना. गणिताच्या पुस्तकांमध्ये दोन मोठी घराणी दिसतात. एकात एक विषय घेऊन तो पुरता मुरेपर्यंत सोडत नाहीत. महिनाभर अपूर्णांक म्हणजे अपूर्णांकच. दुसऱ्यात थोडं अपूर्णांक, थोडी भूमिती, थोडं मोजमाप असं फिरत राहतात आणि दर फेरीला जरा खोल जातात. या दुसऱ्या वळणावळणाच्या अभ्यासक्रमाची कल्पना जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० साली नीट मांडली. दोन्हींचे कट्टर समर्थक असतात आणि ते एकमेकांशी तावातावाने भांडतात. मुलाला काय जास्त मानवतं यावर त्यांचं भांडण असतं. मला त्यापेक्षा एक वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. पहिल्या प्रकारात प्रकरण सुरू होताना मूल मोठ्या माणसाला चिकटून असतं. आठवडाभर रोज अर्धा तास द्यावा लागतो आणि मग बराच काळ ते आपलं आपण चालतं. दुसऱ्या प्रकारात रोज नवं असं थोडंसंच असतं, ते दहा मिनिटांत सांगून होतं, उरलेलं पान उजळणीचं. म्हणजे पहिल्यात वेळ एकगठ्ठा जातो, दुसऱ्यात रोज थोडा थोडा.

हे एकदा लक्षात आलं की वर्षाची आखणी सोपी होते. मधल्याचं गणित पहिल्या घराण्यातलं आहे, थोरलीचंही. दोघांची नवी प्रकरणं एकाच आठवड्यात सुरू होऊ द्यायची नाहीत, एवढंच पाळायचं. त्याचा भागाकार सुरू होणार असेल तर तिची समीकरणं तोवर सरावाच्या टप्प्यावर आलेली हवीत. नसतील तर तो आठवडाभर जुनी उदाहरणं सोडवतो, त्याचं काही बिघडत नाही. धाकटीचं गणित अजून वस्तूंवरच आहे. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी १९५२ साली जगापुढे आणलेल्या रंगीत कांड्या आमच्याकडे आहेत, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या. पांढरी एकची, लाल दोनची, पिवळी पाचची, नारिंगी दहाची. अनेक मुलांच्या घरात एकच शैक्षणिक वस्तू घ्यायची परवानगी असेल तर मी हीच घेईन. धाकटी त्यांचे उतरते जिने रचते आणि दोन लालांची लांबी एका जांभळीएवढी भरते हे तिचं तिला सापडतं. मधला नारिंगीला एक पूर्ण मानून पिवळीला अर्धा म्हणतो, आणि पुढच्याच मिनिटाला पिवळीला एक मानलं तर नारिंगी दोन होते यावर त्याचं डोकं फिरतं. थोरलीने गुणोत्तर त्याच्यावरच समजून घेतलं. भांडणं होतात ती फक्त काळ्या कांड्यांवरून. सातची कांडी कुणाला कशाला इतकी लागते हे मला अजून कळलेलं नाही.

जिन्यावरची खरी अडचण पुस्तकात नसते, भावंडांत असते. मुलं पायऱ्या सारख्या वेगाने चढत नाहीत. धाकटं भावंड मोठ्याला गणितात गाठतं, क्वचित ओलांडतं. शाळेत हे भिंतींमुळे झाकलं जातं. घरी एकाच टेबलावर दोन पुस्तकं उघडी असतात आणि पानाचा आकडा दोघांनाही दिसतो. ‘मी तुझ्या पुढे आहे’ हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं की ते परत घेता येत नाही. मोठ्याला तोवर गणित जड जात असतं. त्या वाक्यानंतर ते नावडतं होतं. यावर मुलांना चांगुलपणाचे धडे देण्याचा फारसा उपयोग होत नाही असं माझं मत आहे. पुस्तकं बदलावीत. ज्यांची गाठ पडण्याची शक्यता आहे अशा दोन भावंडांना दोन वेगळ्या मालिकांची गणिताची पुस्तकं द्यावीत, जमलं तर एकाला पहिल्या घराण्यातली आणि दुसऱ्याला दुसऱ्या. मग तुलनाच होत नाही. याचं प्रकरण चौथं, त्याचा धडा ब्याऐंशीवा, कोण पुढे ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. मालिका ठरवताना इयत्तेचा आकडा छापलेली पुस्तकं मी शक्यतो टाळते, आणि आतला स्तर मुलाचं वय बघून न ठरवता प्रवेश-चाचणी सोडवून घेऊन ठरवते. एकच मूल वाचनात दोन वर्षं पुढे आणि वजाबाकीत एक वर्ष मागे असू शकतं. घरी शिकवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की त्याला दोन्ही ठिकाणी आहे तिथेच उभं राहू देता येतं.

थोरलीची पुस्तकं खालच्यांना जशीच्या तशी चालतील ही आशा प्रत्येक घरात असते. मार्गदर्शिका आणि वाचायची पुस्तकं उतरतात. वर्कबुक भरून संपलेलं असतं. पण सगळ्यात कमी उतरते ती पद्धत. थोरलीला लांब उतारा वाचून शांतपणे उत्तरं लिहायला आवडतं, मधल्याला उभं राहून, फेऱ्या मारत, तोंडाने सांगायला. तिच्यासाठी घेतलेला भाषेचा उत्तम संच कपाटात आहे म्हणून त्याच्या गळ्यात मारला, तर पैसे वाचतील आणि भाषेची गोडी जाईल. तो संच कपाटातच आहे. धाकटी तिकडे वळली तर बघू.

आता अंगण, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच घरची शाळा शाळेपेक्षा श्रीमंत असते.

क्लासिकल, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन परंपरेवर बेतलेल्या, पद्धतीने घरी शिकवणाऱ्यांत इतिहासाचा चार वर्षांचा फेरा असतो. पहिल्या वर्षी प्राचीन, दुसऱ्या वर्षी मध्ययुग, तिसऱ्या वर्षी आधुनिक काळाची सुरुवात, चौथ्या वर्षी अलीकडचा काळ, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. बारा वर्षांत प्रत्येक मूल सगळा इतिहास तीनदा बघतं आणि घरातली सगळी मुलं एका वेळी एकाच युगात असतात. तीन मुलांच्या आईला याहून गोड प्रस्ताव मिळणं अवघड. जेवताना बोलायला सगळ्यांना एकच विषय असतो, भिंतीवर एकच नकाशा लागतो, वाचनालयातून एकाच कपाटाची पुस्तकं येतात.

यात खोट एक आहे आणि ती लहान नाही. फेरा मोठ्या मुलाच्या वयाने सुरू झालेला असतो, धाकटं त्यात मधेच चढतं. यंदा आमच्याकडे चौथं वर्ष आहे. थोरलीला पहिलं महायुद्ध, हुकूमशाह्या, ज्यूंचा संहार, हिरोशिमा हे सगळं वाचायचंच आहे, आणि तिने ते तेराव्या वर्षी वाचावं हे योग्यच आहे. पाच वर्षांच्या मुलीच्या कानावर ते पडायचं काही कारण नाही. ‘सगळ्यांनी मिळून शिकूया’ या तत्त्वापायी लहानग्यांना छळछावण्यांची वर्णनं ऐकवणारी घरं असतात. मला ते पटत नाही. आम्ही युग एक ठेवलं, पुस्तकं फोडली. थोरली १९१४ सालची युद्धाची कारणं एकटी वाचते आणि संध्याकाळी तिच्या बाबांशी बोलते. मधला आणि धाकटी त्याच दशकांतल्या शोधांच्या गोष्टी ऐकतात. १९०३ मध्ये राइट बंधूंचं पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं होतं हे कळल्यावर मधल्याने बारा सेकंद मोठ्याने मोजले आणि ‘एवढंच?’ म्हणून तोंड वाकडं केलं. मग थोरलीने त्याला सांगितलं की अकरा वर्षांनी सुरू झालेल्या युद्धात विमानं होती. तो गप्प झाला. हा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता.

विज्ञानासाठी वेगवेगळ्या वयांचे प्रयोगसंच घेण्याआधी एक महिना फक्त चंद्र बघून पाहावा. धाकटी रोज दिसेल तो आकार काढते आणि तारीख मला लिहायला लावते. मधला चंद्र उगवायची वेळ टिपतो; जिथे इमारत आड येते तिथे पंचांगातून किंवा दिनदर्शिकेतून घेतो. काही दिवसांतच त्याला दिसतं की चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो, आणि दिवसाढवळ्या अर्धा चंद्र आकाशात कसा, या प्रश्नालाही त्याच्याच वहीत उत्तर असतं. थोरलीच्या वाट्याला ‘पन्नासच का’. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस. म्हणजे सूर्याच्या मानाने चंद्र दिवसाला साधारण बारा अंशांहून थोडा जास्त सरकतो. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. गुणाकार केला की एकोणपन्नास मिनिटांच्या आसपास येतं. तिने हे कागदावर काढलं तेव्हा मधला बाजूला उभा होता. त्याला अंश कळत नाहीत अजून, पण आपल्या तक्त्यातला आकडा ताईच्या गणितातून बाहेर पडला एवढं कळलं. वह्या तीन, आकाश एक, आणि साहित्याच्या यादीत पेन्सिल.

एकत्र वाचनानंतर आम्ही निवेदन घेतो. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षिकेचा (१८४२ ते १९२३) यावर फार भर होता: उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. प्रश्नोत्तरं नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. लहान मुलांचे धडेही ती पंधरा-वीस मिनिटांचेच ठेवायला सांगे. अनेक मुलांच्या घरी हे फार कामाचं आहे, कारण त्याला वेगळं पुस्तक, वेगळी तयारी काहीच लागत नाही. फक्त क्रम महत्त्वाचा. सर्वांत लहान आधी. मोठ्यांनी आधी सांगितलं तर लहानांना सांगायला उरत नाही, आणि मग ती सांगणंच सोडून देतात. धाकटी दोन वाक्यं बोलते, त्यात कुत्रा असेल तर दोन्ही कुत्र्याबद्दल. मधला घटनाक्रम लावतो. थोरलीला बोलायला नसतं. ती तेच लिहून काढते, आणि लिहिताना तिला निबंधाचं वेगळं पुस्तक लागत नाही.

थीम धरून सगळे विषय शिकवायचे, म्हणजे महिनाभर पाणी, महिनाभर झाडं, हा मार्गही एकत्र शिकवणाऱ्यांना खुणावतो. आठ-दहा दिवस मजा येते. मग गणितालाही पाणी, शुद्धलेखनालाही पाणी, चित्रालाही पाणी असं ओढूनताणून चालू होतं, आणि मुलांना ते आपल्या आधी कळतं. जिन्याचे विषय थीममध्ये बुडवू नयेत एवढंच म्हणेन.

वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र शिकणं ही काही गृहशिक्षणवाल्यांनी लावलेली टूम नाही. मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत लहान मुलांसाठी पहिलं बालगृह, म्हणजे त्यांची पहिली शाळा, उघडलं तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत वेगवेगळ्या वयांची मुलं एका वर्गात असतात, आणि प्रत्येक साधन वर्गात एकच असतं, म्हणजे थांबायला आपोआप शिकावं लागतं. आपल्याकडे तर पंतोजींच्या शाळेत थोरली मुलं धाकट्यांना धुळपाटीवर अक्षरं गिरवायला लावत. अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने मद्रासमध्ये मुलांना असं वाळूत लिहिताना पाहिलं आणि १७८९ पासून तो ज्या अनाथाश्रमाचा प्रमुख होता तिथे तेच सुरू केलं. शिक्षक तयार होईनात तेव्हा त्याने एका आठ वर्षांच्या मुलाला लहानांचा वर्ग दिला. १७९७ साली लंडनमध्ये त्याने त्याचा अहवाल छापला आणि पुढे इंग्लंडात मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवणाऱ्या शाळांचं पेव फुटलं. बेलला ही पद्धत आवडली त्यात एक उघड कारण होतं: ती स्वस्त होती.

म्हणूनच मला ती जपून वापरावीशी वाटते. थोरलं मूल शिकवतं तेव्हा त्याचंही पक्कं होतं, हे खरं आहे. पण थोरली मुलगी असेल तर ‘जरा हिचं वाचन घे’ हे वाक्य आईच्या तोंडी फार पटकन बसतं, आणि वर्षभरात ती मुलगी घरातली बिनपगारी मदतनीस झालेली असते. धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून मुलींचं शिक्षण बुडणं आपल्याला नवं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं तेव्हा त्यांच्यासमोर हाच पेच होता. तिथलं उत्तर फार शहाणं होतं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताईने भावंडाला कडेवर घेऊन यावं, त्याला शेजारी सोडावं आणि आपण आपल्या वर्गात बसावं. एकत्र आणायचं, पण एकीचा वेळ दुसऱ्यावर खर्च करायचा नाही. आमच्या घरी थोरली शिकवते ती तिने मागितलं तर, आणि तिच्या आवडीचंच. सध्या ती मधल्याला कोडी लिहायची सांकेतिक लिपी शिकवते आहे. माझ्या कुठल्याच आखणीत ती नव्हती.

क्लासेसच्या बाबतीत प्रश्न थोडा फिरवून विचारायचा: एकाचा क्लास चालू असताना बाकीची कुठे बसतात? तीन मुलांचे दोन-दोन क्लास म्हणजे आठवड्याला सहा ठिकाणी सोडणं आणि सहा ठिकाणांहून आणणं. त्यात न जाणारी दोघं पायरीवर, बाकावर, मागच्या सीटवर कंटाळतात आणि घरचं वाचन नेमकं त्या वेळात मरतं. मला एकाच वेळी, एकाच जागी, तिन्ही वयांना घेणारी गोष्ट हवी असते, भले ती प्रत्येकाची पहिली आवड नसेल. पोहणं तसं आहे. बुद्धिबळ तसं आहे, तिथे वयाला कुणी विचारत नाही आणि नऊ वर्षांच्या मुलाने तेरावालीला हरवलं तरी ते खेळातलं असतं. संगीतात जपानी व्हायोलिनवादक शिनिची सुझुकींची पद्धत या कामासाठीच बनवली असावी असं वाटतं. मुलाने मातृभाषा शिकावी तसं ऐकत ऐकत वादन शिकायचं, आईबापांनी तासाला बसायचं आणि जुने तुकडे कधीच टाकायचे नाहीत. त्यामुळे समूह-तासाला काल लागलेलं मूल आणि चार वर्षं वाजवणारं मूल तीच पहिली धून एकत्र वाजवतात. मोठ्याला सुरांची सफाई करायला मिळते, लहान नुसतं बघूनही पुढचं शिकत असतं.

प्रत्येकाला स्वतःची म्हणून एक गोष्ट मात्र मिळायला हवी, गैरसोयीची असली तरी. थोरलीला मातीकाम आहे, ते लांब आहे. त्या दुपारी धाकट्या दोघांना वाट बघावी लागते. बघतात.

वेळापत्रकात आम्ही वार लावणं सोडून दिलं. चित्र, नकाशा, संगीत-श्रवण, निसर्गवही, शिवणकाम अशी नुसती यादी आहे. आज जिथे थांबलो तिथून उद्या पुढे. सोमवारचं चित्र बुडालं म्हणून पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला नको. घरात एकाला ताप आला की तिघांची घडी विस्कटते, आणि वारांच्या तक्त्यात बुडालेल्या चौकोनांकडे बघून शिकवणाऱ्याचाच धीर सुटतो. यादीत काही बुडत नाही, फक्त पुढे सरकतं.

सगळ्यांत लहान मुलाला आधी घ्यावं. मोठ्यांचं गणित लवकर संपवू आणि मग हिच्याशी खेळू, असं ठरवलं की ते गणित कधीच संपत नाही, कारण दर तीन मिनिटांनी कुणीतरी गुडघ्याशी येऊन उभं असतं. सकाळची पहिली वीस मिनिटं धाकटीची, गोष्ट आणि अक्षरं दोन्ही. मग काही खेळणी अशी ठेवावीत की जी फक्त मोठ्यांच्या अभ्यासाच्या वेळीच बाहेर येतात. एरवी मागितली तरी द्यायची नाहीत, नाहीतर त्यांची जादू जाते.

आणि मधलं मूल. थोरल्याच्या वाट्याला आपली काळजी येते, कारण तिथे सगळं पहिल्यांदाच असतं. धाकट्याला मांडी मिळते. मधल्यासाठी आईबाप थोरल्याची पुस्तकं आणि धाकट्याचं उरलेलं लक्ष राखून ठेवतात. ते तक्रार करत नाही हे त्याच्या समाधानाचं लक्षण मानू नये. वर्षाची आखणी करताना मी आता मधल्यापासून सुरू करते. आधी त्याला काय हवं ते ठरतं, मग दोघींचं त्याच्याभोवती. अंगणाच्या विषयांची पातळीही त्याच्या उंचीवर ठेवली की वरच्यालाही आणि खालच्यालाही थोडंसंच वाकावं किंवा ताणावं लागतं.

थोरलीची सकाळ आता एकत्र टेबलावरून हलायला लागली आहे. पुढे परीक्षा आहे, तिचा ठरलेला अभ्यासक्रम आहे, आणि त्याला आमच्या फेऱ्यांशी काही देणंघेणं नाही. सगळं एकत्र शिकवणाऱ्या घरात हे केव्हातरी येतंच आणि त्याची तजवीज वर्ष-दोन वर्षं आधी करावी लागते. आम्ही एकच गोष्ट वाचवायची ठरवली, मोठ्याने वाचन, आणि ते सकाळवरून रात्री नेलं, तिच्या सोयीने. पुस्तकं साहजिकच जड झाली. धाकटी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर झोपते, आणि सकाळी उठल्या उठल्या तिला पुढे काय झालं ते हवं असतं. मी मुद्दाम कामात असते. मग मधला सांगायला बसतो, हातवारे करत, दोन लढाया पदरच्या घालून, आणि आतल्या खोलीतून थोरली भूमितीवरून मान न उचलता ओरडते, “तो मेला नाहीये अजून! नीट सांग!”